काढ्याचं नाव फॉर्मवर

एकोणीस वर्षांची असताना मी चंद्रपूरच्या राष्ट्रीय स्पर्धेत पाच हजार मीटर धावणार होते. चार दिवस उरले आणि मला सणसणीत सर्दी झाली. आईनं तीन औषधी वनस्पती उकळून काढा पाजला. नाक गळायचं थांबलं नाही, म्हणून धानोऱ्याच्या मेडिकलमध्ये गेले. तिथले चाचा मला लहानपणापासून ओळखत.

"चाचा, सर्दीची जोरदार गोळी द्या."

त्यांनी पाकीट काढलं, मागची बारीक अक्षरं वाचली आणि पाकीट परत फळीवर ठेवलं. "हे मी नाई देत. तुह्या बाई सांगून गेल्या होत्या, पोरीले काही द्यायच्या आधी मले विचारा म्हणून."

बाई म्हणजे माझ्या प्रशिक्षक. चाचांनी तिथूनच त्यांना फोन लावून माझ्या हातात दिला.

"त्या गोळीतलं औषध शर्यतीच्या दिवशी अंगात सापडलं तर पदक जाते," बाई म्हणाल्या. "कोणी दिली, काऊन दिली, ते नंतरचं. तुह्या अंगात सापडलं म्हणजे आधी तूच जबाबदार. वाफ घे अन् झोप."

वाफ घेतली, झोपले, आणि शर्यतीत बाहीला नाक पुसत पुसत तिसरी आले!

रेषेपलीकडे वाकून दम घेत होते, तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र घातलेली एक बाई पुढे आली. मला वाटलं अभिनंदन करायला आली असेल. ती म्हणाली, "तुमची डोपिंग चाचणी आहे. नमुना देईपर्यंत मी तुमच्यासोबत राहीन."

ती खरंच राहिली. पदक घेताना, फोटो काढताना, बूट बदलताना, सगळीकडे. मग एका खोलीत नेलं. बंद पाकिटातलं भांडं मीच निवडायचं, आणि ते भरताना समोर एक अधिकारी बाई उभी राहून बघणार. नव्वद मिलिलिटर लागतं. बघणारं माणूस समोर आलं की माझ्याच्यानं थेंब निघेना. पाण्याच्या बाटल्या संपवल्या. सोबत आलेल्या माझ्या प्रशिक्षक बाईंनी नळ सोडून बघितला. दीड तास गेला.

शेवटी जमलं. अधिकारी बाईनं नमुना तपासला आणि मान हलवली. "फार पातळ आहे. पाणी जास्त झालं. आणखी एक द्यावा लागेल."

बाई इतक्या हसल्या की त्यांना बाकावर बसावं लागलं. मला मात्र रडू यायचं बाकी होतं.

दुसरा नमुना होईपर्यंत फॉर्म पुढे आला. गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं लिहायची होती. माझा पेन थांबला. काढा लिहिला तर उगाच शंका येईल का?

"बाई, काढा नाई लिहिला तर चालते का?"

"घेतला का नाई घेतला?"

"घेतला."

"मंग लिहून टाक."

पण काढ्यातल्या वनस्पतींची नावं मला कुठं ठाऊक? आईला फोन लावला. आधी ती घाबरली. "माह्या काढ्यानं तुह्यं पदक जाते का वं?" मग एकेक नाव सांगू लागली. गुळवेल, अडुळसा. तिसरी वनस्पती तिला शेजारच्या गोंड काकूनं दाखवलेली, तिचं नाव फक्त गोंडीत. अधिकारी बाईनं ते तीनदा म्हणवून घेतलं आणि जसं ऐकू आलं तसं मला लिहायला लावलं. जाताना हळूच विचारलं, "सर्दीला गुण येतो का हो?"

"नाई येत," मी म्हटलं.

पुढचे काही आठवडे आई रोज विचारायची, काही आलं का. एका दुपारी बाईंचा फोन आला. नमुना स्वच्छ होता. आई भर अंगणात ओरडली, "नाई गेलं वं पदक!" आणि बांधावरच्या बायांना बोलावून चहा पाजला.

आता मी एटापल्लीला मुलींना धावायला शिकवते. गेल्या हिवाळ्यात त्यातली एक पावडरचा डबा घेऊन आली. कुठल्याशा जिमवाल्यानं दिलेला, आत काय आहे ते डब्यावर धड लिहिलेलंही नव्हतं.

"मॅडम, मी खाल्ली नाई. आधी तुमाले दाखवाले आणली."

डबा मी ठेवून घेतला. त्या मोसमात ती पाचवी आली, आणि मैदानभर उड्या मारत सांगत सुटली, "माह्या वेळेतले नऊ सेकंद कमी झाले! नऊ!"