दोन्या एर्मिंदाचा एकच तक्ता

तुमच्यापैकी कोणी काढला तो फोटो? यंदाच्या सान आंतोनियोच्या जत्रेत दोन्या एर्मिंदा लोतेरिया खेळतेय, पुढ्यात चित्रांचा तक्ता, मुठीत मक्याचे दाणे, तोंडभर हसू. कॉफीच्या गिरणीत तो कुणीतरी नेऊन दिला, आणि गिरणीचा डॉक्टर बुस्तियो त्यावर बोट आपटून म्हणाला, "नजर खणखणीत आहे. बाई ढोंग करतेय."

एर्मिंदा तरणी असल्यापासून सरकत्या पट्ट्यावरच्या काळ्या, किडक्या बिया वेचायची. एका सकाळी तिचा तोल गेला, जीभ जड झाली. याच बुस्तियोने तिच्या तोंडाशी नाक नेलं. "प्यायलीय. घरी न्या." राजधानीतल्या इस्पितळात कळलं, लहान मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती.

चालणं सुधारलं. पण पट्टा सुरू झाला, की एका बीवर नजर ठरेपर्यंत पुढची निसटून जायची. डोळे शाबूत, लक्षच वेळेवर पोचेना. तिने मागितलं एवढंच, की टेबलावर बसून निवडायचं काम द्या. बुस्तियोने भिंतीवरची अक्षरं एकेक करून वाचायला लावली आणि नाही म्हणून सांगितलं.

पुकारलेल्या पत्त्याचं चित्र तक्त्यावर शोधून दाणा ठेवायचा, तर आपल्या जत्रेत एका तक्त्यावर पोरंसोरं खेळतात. एर्मिंदा चार मांडायची, वर शेजारणीचा चुकलेला दाणाही ठेवून द्यायची. फोटोत एकच तक्ता आहे. परगावच्या बुस्तियोला ते कुठून कळणार?

मी चार तक्ते आणि पत्ते घेतले, तिला घेतलं, आणि त्याच्या दवाखान्यात घुसले.

"डॉक्टर, पत्ते तुम्ही ओढा."

"मला वेळ नाही."

"माझ्या तोंडाचा वास घ्यायला बरा होता," एर्मिंदा म्हणाली. "ओढा."

तो एकेक ओढून पुकारू लागला. कोंबडा. शिडी. खेकडा. पहिल्या तक्त्यावर ती बरोबर. दुसऱ्यावरचा खेकडा तिच्या नाकासमोर होता, तरी राहिला. चंद्र गेला. घागर गेली. ती घामाने भिजली, पण उठली नाही.

"ओढा अजून. पोटभर बघून घ्या."

तिला हरताना आजवर गावात कुणी पाहिलं नव्हतं. बुस्तियोने पाहिलं. पत्ते खाली ठेवले आणि कागदावर पुन्हा तेच लिहिलं, ढोंग.

बाहेर आल्यावर माझे हात शिवशिवत होते. ती म्हणाली, "हात नको लावूस गं. त्याने जे लिहिलंय, ते त्याच्याच हाताने खोडून घ्यायचंय मला. सगळ्यांदेखत."

सोमवारी कामगार निरीक्षक गिरणीत येतोय, बुस्तियोही साक्षीला येणार. तुम्ही फाटकाशी या. आणि एर्मिंदाला टेबलाचं काम द्या असं तो निरीक्षकासमोर लिहून देत नाही, तोवर त्याची वाट सोडू नका.