गुप्ते डॉक्टर आणि लाल खूण

गुप्ते डॉक्टरांची आणि माझी ओळख एका थपडेने झाली. कल्याणच्या निर्वासित छावणीत कारकून म्हणून मी रुजू झालो, तो पहिलाच दिवस. दवाखान्याच्या पायरीवरून सवयीने पानाची पिंक टाकली आणि कानाखाली असा जाळ निघाला की उरलेलं पान घशात गेलं. समोर पन्नाशीचे, काटकुळे गृहस्थ उभे होते. "उद्या एखादं पोर त्यात रांगेल," ते म्हणाले. "थुंकायचंच असेल तर घरी जाऊन स्वतःच्या ताटात थुंक." मग माझं नाव विचारलं आणि माझ्यासाठी चहा मागवला.

फाळणीनंतर सिंधहून आलेली माणसं लष्कराच्या जुन्या बराकींत राहत होती. एका बराकीत कितीतरी संसार, आणि मध्ये गोणपाटाचे पडदे. एकाला क्षय असला तर तो पडद्याआड थोडाच थांबणार? म्हणून छावणीतल्या प्रत्येकाची छाती तपासायची, असा डॉक्टरांचा हट्ट होता. त्यासाठी ते रोज ठाण्याहून येत. डोळे मिटून, उजव्या हाताच्या मधल्या बोटाने पाठ वाजवत आणि आत काय आहे ते बहुधा अचूक सांगत.

लोकांना तपासणी नको असे, आणि त्यांचंही चुकत नव्हतं. क्षय निघाला की दुकानातलं काम जाई, मुलीचं ठरलेलं लग्न मोडे. तपासायला दिलेल्या डबीत काही जण शेजाऱ्याचा बेडका आणून देत. डॉक्टर ती डबी भिंतीवर फेकत आणि पुन्हा मोकळी डबी हातात ठेवत. मी एकदा कुरकुरलो, तेव्हा म्हणाले, "एका घराची अब्रू जाते, ती मला दिसते रे. पण पडद्यापलीकडे पोरं झोपतात, त्यांची छाती कोण बघणार?"

रोग्यांना जास्तीचं दूध मिळावं म्हणून ते छावणीच्या साहेबांशी भांडभांड भांडले. दूध मंजूर झालं, पण वाटपाच्या रांगेत ते कोणाला द्यायचं याचा गोंधळ होऊ लागला. तेव्हा मी सुचवलं की रोग्याच्या रेशनकार्डावर लाल पेन्सिलीने खूण करू. डॉक्टर खूश झाले. मीच खुणा केल्या, टोक काढकाढून, सुबक. रांगेत कार्ड हातात धरून उभं राहायचं असतं आणि मागचा माणूस ते बघतो, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

लोकूमल नावाचा एक कापड-फेरीवाला होता. बायको देवीबाई, सहा वर्षांची मुलगी मोहनी. त्याच्या कार्डावर खूण होती. कोणीतरी अफवा उठवली की लाल खुणेचा माणूस ज्या बराकीत असेल ती अख्खी बराक तारेच्या कुंपणात टाकणार. ही माणसं एकदा सगळं सोडून पळून आली होती. एके सकाळी दुधाच्या रांगेतच शेजाऱ्यांनी लोकूमलला गाठलं आणि बराक सोडून जायला सांगितलं. तो म्हणाला, जाऊ कुठे? त्यावर मारायला खाटांचे उपसलेले पाय बाहेर निघाले.

मी खिडकीतून पाहत होतो. दुधाचं पिंप आडवं झालं आणि लोकूमल त्या चिखलात पडला. पडल्यावरही ते त्याला मारत राहिले. मारणाऱ्यांत पोराबाळांचे बाप होते, आदल्या दिवशी मला 'साईं' म्हणून नमस्कार करणारे. डॉक्टर धावत गेले आणि त्याच्या अंगावर पालथे पडले. एक फटका त्यांच्या उजव्या हातावर बसला, मधलं बोट मोडलं, एक खांद्यावर बसला. पोलीस आले तेव्हा लोकूमलच्या तोंडातून रक्त येत होतं. दुपारी तो गेला. मी खिडकीतून हललो नव्हतो, हेही सांगून टाकतो.

डॉक्टरांनी त्याच दिवशी छावणीतल्या सगळ्या कार्डांवर लाल खुणा करायला लावल्या. त्यामुळे रोगी कोण हे कळेना, आणि जास्तीचं दूधही बंद पडलं. मोहनी तेव्हा खोकत होती. डॉक्टर रोज देवीबाईच्या पडद्याशी जाऊन उभे राहत. पहिल्या दिवशी देवीबाईने पितळी लोटा फेकला, त्यांची भुवई फाटली. दुसऱ्या दिवशी ती तोंडावर थुंकली. त्यांनी तोंड पुसलं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले. बाराव्या दिवशी ती मुलीला घेऊन दवाखान्यात आली. माझ्याकडे पाहत म्हणाली, "इसको देखो. कार्ड पे कुछ मत लिखना."

मोहनीला क्षय होता. नुकतीच निघालेली इंजेक्शनं मिळवण्यासाठी डॉक्टरांनी साहेबांच्या टेबलावरची दौत भिंतीवर फोडली. इंजेक्शनं आली. वर्षभराने मुलगी चिंचेवर दगड मारताना दिसली. देवीबाई मात्र डॉक्टरांशी शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही.

वार्षिक अहवालात मृतांची यादी असते. लोकूमलच्या नावापुढे, मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात, डॉक्टरांनी डाव्या हाताने वेडंवाकडं लिहिलं : तपासणी. साहेब भडकले. असं वर गेलं तर तपासण्याच बंद होतील, म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "बंद करू नका, मोहनी जगलीय. पण कोणाचं काही गेलं नाही, असंही लिहू नका."

साहेबांनी मला एकट्याला बोलावलं. पक्की प्रत मीच करणार होतो. घरी आई होती, धाकट्या बहिणी होत्या. मी 'दंगल' असं लिहिलं.

सहीसाठी कागद डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी तो रकाना दोनदा वाचला. आवाज अजिबात चढवला नाही.

"खुणेची कल्पना तुझी होती हे मी पोलिसांनाही सांगितलं नाही," ते म्हणाले. "तू निदान तो कशाने मेला एवढं तरी खरं लिहायचं होतंस."

सही न करताच ते ठाण्याला निघून गेले आणि पुन्हा आले नाहीत. सही दुसऱ्या डॉक्टरांनी केली. अहवालात आजही दंगलच आहे, आणि अक्षर माझं आहे.