जावई पुढे, मागे कोण?

चहा गार झाला तरी चालेल, पण हे ऐकाच. माझ्या हातून असा काही घोटाळा झाला होता की निडीच्या बाजूची जुनी माणसं मला अजून त्यावरूनच ओळखतात. नाव सांगा, कुणाला पत्ता नाही. 'गजरेवाला जावई' म्हणा, लगेच खुर्ची पुढे!

तेव्हा मी रोह्याला कंपनीत होतो. बायको रंजना निडीजवळच्या गावची. त्या हिवाळ्यात आमचं पहिलं बाळ जन्मताच गेलं. तेव्हापासून रंजना घरातलं सगळं करायची, पण जेवढ्यास तेवढं बोलायची. खायची चिमणीएवढं. हसणं तर सोडाच. आणि मी? शिफ्टला जायचो, यायचो, जेवायचो, झोपायचो. दवाखान्यातून आल्यापासून त्या विषयावर एक शब्द काढला नव्हता. काढणार कसा? आमच्या पेणच्या घरात भाजीत मीठ कमी आहे, यापलीकडे पुरुषांनी काही बोलल्याचं मी ऐकलेलं नाही.

चैत्रात तिच्या गावची जत्रा आली. आई म्हणाली, "घेऊन जा रे तिला. दोघं फिरा, खा, प्या. पोरीचं तोंड बघवत नाय मला." मीही मनाशी पक्कं केलं की आज हिच्याशी बोलायचंच.

आता इथे एक रीत तुम्हाला सांगायला हवी. त्या काळी जावई सासुरवाडीत बायकोच्या बरोबरीने चालत नसे. तो पुढे, ती चार पावलं मागे. आणि पुढच्याने मागे वळून बघायचं नाही! बघितलं की पारावरचे मेहुणे ओरडलेच, "भावोजी, हाय हो हाय, पळाली नाय!" लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मी एकदाच वळलो होतो. सगळा पार हसला. त्या दिवसापासून मान ताठ.

तर त्या दिवशीही मी पुढे, मान ताठ. देवळापाशी मोगऱ्याचा गजरा घेतला आणि न बघता हात मागे केला. गजरा गेला. मला केवढा आनंद! पुढे गरम भजी घेतली, हात मागे केला. भजी गेली. खाजं घेतलं, गेलं. लिंबू सरबताचा पेला मागे दिला तर क्षणात रिकामा परत आला. मी मनात म्हटलं, वा! देवी पावली, पोरगी खायला लागली. मग मी सुटलोच. कलिंगडाची फोड, उसाचा रस, पुन्हा भजी. अहो, दोन माणसांचं खाणं चाललं होतं, तरी मला शंका येऊ नये?

पालखी पलीकडच्या आळीत गेली, ढोल लांब गेले. आंब्यांच्या सावलीत जरा शांत झालं. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. समोर बघत, चालत चालत, मी सुरुवात केली.

"रंजू, त्या दिवशी दवाखान्यात मी तुझ्याजवळ आलो नाय. तुला वाटलं असेल, ह्याला काय नाय त्याचं. मी मागल्या बाजूला पंपाजवळ उभा होतो गो. रडत होतो. कुणी बघू नये म्हणून पंप हापसत होतो. मी बघितलं आपल्या पोरीला. नाक तुझं होतं. मी नावसुद्धा ठेवलंय तिचं, मनातल्या मनात."

मागून नाक ओढल्याचा आवाज आला. मग एक घोगरा आवाज आला, "रडू नको रं बाला."

मी वळलो. पारावरचे गेले खड्ड्यात! मागे खाडीकाठच्या खारेपाटातली एक म्हातारी उभी. पिकल्या केसांत माझा गजरा, एका हातात माझं खाजं, दुसऱ्या हातातल्या पदराने डोळे पुसतेय.

"तुम्ही कोण?"

"मी वडखलची. माझी मानसं गर्दीत चुकली. तू मागं न बघता खायाला देत व्हतास, मना वाटला, नवस हाय तुझा."

"अहो, माझी बायको कुठाय?"

"मना काय ठाव? बायकोला द्यायाचा तर तोंड बघून द्यावा ना रं!"

तिने माझं मनगट धरलं आणि मला देवळाकडे ओढत नेलं. रंजना पायऱ्यांवर बसली होती. चपलेचा अंगठा तुटलेला. शेजारी सासरे, दोन मेहुणे आणि जत्रा बघायला आलेलं निम्मं गाव.

"मी हाक मारली," रंजना म्हणाली. "तुम्ही बघताय कुठं?"

म्हातारीने मला पुढे ढकललं. "सांग तिला. मना सांगितलास तां सगला सांग."

मी तोंड उघडलं. सासरे बघत होते. मेहुणे बघत होते. भजीवाला झारा हातात धरून बघत होता. माझ्या तोंडून काय निघालं असेल? "चप्पल शिवून घेऊ या का?"

म्हातारीने कपाळावर हात मारला. मग तिनेच सांगितलं. उभा जन्म मिठागरात राबताना ओरडून बोललेली बाई ती, तिचा आवाज थेट पारापर्यंत! पंप, रडणं, पोरीचं नाक, सगळं. बायकोच्या बरोबरीने चालताना दिसू नये म्हणून जपणारा मी, आणि माझं काळीज भर जत्रेत जाहीर झालं. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण कुणी हसलं नाही. सासऱ्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

रंजना माझ्याकडे बघतच नव्हती. तिने म्हातारीचा हात धरला. "आजी, अजून काय म्हणाले हे?"

"पोरीचा नाव ठेवलाय म्हनला. मना नाय सांगितला. तुलाच सांगल."

सगळे माझ्याकडे वळले. मी भजीवाल्याच्या झाऱ्याकडे बघायला लागलो. रंजनाने थोडा वेळ वाट बघितली, मग चप्पल हातात घेऊन उठली.

उन्हं कलल्यावर आम्ही शेताच्या बांधाने निडी स्टेशनाकडे निघालो. मी मुद्दाम थांबलो, म्हटलं आता बरोबर चालू. तर ती म्हणाली, "नको. तुम्ही पुढंच व्हा. समोर आलात की तुमचं तोंड बंद होतं. मी मागं हाय."

मी पुढे झालो. बरंच अंतर गेल्यावर म्हणालो, "कस्तुरी."

मागून काहीच आवाज नाही. ना हुंदका, ना हुंकार. ही मागे आहे ना? की पुन्हा दुसरंच कुणी?

मी गर्रकन वळलो, बांधावरून पाय सुटला आणि धाडकन खालच्या ढेकळांत आडवा झालो. वर रंजना उभी होती. डोळ्यांतून धारा लागलेल्या, आणि तोंडावर पदर धरून ती हसत होती. खांदे हलेपर्यंत हसत होती.

गुडघा चांगलाच फुटला होता हो. पण मी मुद्दामच बराच वेळ उठलो नाही.