कोरडा कोपरा

दरेकशाच्या डोंगरात आमचा टोला, म्हणजे लहानशी वस्ती, आहे. कॉलेजच्या सुट्टीत मी घरी होतो, तेव्हाच नाल्याचं पाणी टोल्यात शिरलं. सगळे टेकाडावरच्या मिशनच्या प्रार्थनाघरात गेले, कारण पक्कं छप्पर तेवढंच होतं. आजोबा मात्र खाली मोहाच्या झाडाजवळच्या दगडावर बसून राहिले. मांडीवर घरच्या देवांची टोपली होती. आपला देव दुसऱ्या देवाच्या घरात न्यायचा नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. मी हात ओढला, ओरडलो. पाणी त्यांच्या घोट्याला लागलं होतं.

तेवढ्यात मिशनची सिस्टर खाली उतरली. औषधं घेऊन टोल्यावर येणारी, झपझप चालणारी, बोलताना सारखा पदर खोचणारी बाई. तिचं नाव मला आजही माहीत नाही.

“बाबाजी, चला. तुमच्या देवाला जागा करते.”

“तुया देव रागावन ना!”

“रागावला तर मला रागावेल. तुम्ही उठा, जल्दी!”

टोपलीला तिनं हात लावला नाही. फक्त आजोबांचा दंड धरून त्यांना वर आणलं.

आत छप्पर गळत होतं. कोरडा कोपरा एकच होता आणि तिथं येशूची तसबीर होती. तिनं ती उचलून खिडकीशी ठेवली आणि पदरानं जागा पुसली. आजोबांनी टोपली ठेवली. आता ही प्रार्थना म्हणायला लावणार, असं वाटून मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. ती पोरांना चादरी पांघरत राहिली.

आजोबा बराच वेळ खिडकीकडं बघत होते. मग त्यांनी टोपली जराशी सरकवली.

“बाई, तुयावाला भिजून राहिला. आन इकडं, दोघंबी मावतेत.”