सहा दिवस उलटलेली अंडी

बादलीतल्या पाण्यात मी अंडं अलगद सोडलं. ते तळाला गेलं आणि आडवं पडलं.

"डॉक्टर, हे कशाला करत बसलात?" शाळेचे अधीक्षक बिराजदार म्हणाले. "खोक्यावर तारीख आहे. ती उलटून सहा दिवस झालेत. तेवढं लिहा, विषय संपला."

मी दुसरं अंडं सोडलं.

मी जनावरांचा डॉक्टर. सरकारी भाषेत पशुधन विकास अधिकारी. नोकरीची शेवटची काही वर्षं उमरगा तालुक्यात काढली. त्या सकाळी तहसील कार्यालयातून फोन आला. हायवेपासून आत असलेल्या एका मुलींच्या निवासी शाळेत आदल्या संध्याकाळी अंडी खाऊन बत्तीस मुलींना उलट्या झाल्या होत्या. मुली ग्रामीण रुग्णालयात होत्या. अन्न खात्याची माणसं सकाळीच नमुने घेऊन गेली होती, पण त्यांचा रिपोर्ट यायला वेळ लागतो. तोवर वर काहीतरी कळवायला हवं होतं. "तुम्ही कोंबड्यांचे डॉक्टर ना? मग अंडी बघून या," असं मला सांगण्यात आलं.

कोठीत अंड्यांचं एक खोकं होतं. खोक्यात सात ट्रे येतात, एका ट्रेमध्ये तीस अंडी. त्यातले तीन ट्रे उरले होते. प्रत्येकातून दहा-दहा अंडी मी उचलली.

अंड्याच्या बोथट टोकाला आत हवेची एक पिशवी असते. कवचाला डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात. दिवस जातात तसं आतलं पाणी त्यातून उडतं आणि ती पिशवी मोठी होते. म्हणून ताजं अंडं पाण्यात आडवं पडतं, जुनं होत आलेलं तळाशीच बोथट टोक वर करून उभं राहतं आणि फार जुनं तरंगतं. तिसातली एकोणीस आडवी पडली, दहा उभी राहिली, एक तरंगलं. ते बाहेर नेऊन फोडलं. खाण्याजोगं नव्हतं. मग कोठीचं दार लावून मोबाईलच्या टॉर्चवर बाकीची पाहिली. पाच अंडी ताटात फोडली. बलक वर उचललेला होता, पांढरा भाग जरा पातळ झालेला, वास काही नाही. खोली दगडी होती, गार होती. अंडी टिकली होती.

"ही अंडी चांगली आहेत," मी म्हणालो.

"तारीख गेलेली आहे," बिराजदार म्हणाले.

तारखेचं असं असतं. ती माल पाठवणाऱ्याची हमी असते. त्या दिवशी सूर्य मावळला की अंडं नासत नाही. गार जागी ठेवलं तर तारखेनंतरही बरेच दिवस चालतं. उन्हात टेम्पोत पडून राहिलं तर तारखेच्या आधीच जातं. मात्र पाण्याची परीक्षा अंड्याचं वय सांगते, आत रोगाचे जंतू आहेत की नाहीत ते सांगत नाही. त्याला लॅब लागते. स्वयंपाकघरात त्यावर एकच उपाय असतो, अंडं पूर्ण शिजवणं.

म्हणून मी स्वयंपाकीण बाईंना बोलावलं.

सुगलाबाई पन्नाशीच्या. अकरा वर्षं त्या शाळेत स्वयंपाक करत होत्या. दारातच पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. रडून डोळे सुजले होते.

"अंडी किती वेळ उकडली, बाई?"

"लई येळ साहेब. उकळी आल्यावर बी पंधरा मिनटं. पोरींना बलक कोरडाच लागतो."

"किती वाजता उकडली?"

त्यांनी बिराजदारांकडं पाहिलं.

"सांगा की."

"बाराच्या आत."

"आणि मुलींनी खाल्ली कधी?"

"सांजच्याला. सहा वाजले आसतील."

मी बिराजदारांकडं वळलो. ते मोबाईल बघत होते.

सगळा प्रकार सुगलाबाईंनीच सांगितला. त्या दिवशी नव्या भोजनगृहाचं उद्घाटन होतं. पाहुणे एक वाजता येणार होते. त्यांच्या हातानं मुलींना अंडी वाटायची आणि फोटो काढायचा, असं ठरलं होतं. पाहुण्यांना यायला साडेपाच झाले. मुलींना एक वाजता खिचडी वाढली. सोललेली अंडी प्लास्टिकच्या टबात ओल्या फडक्याखाली, मांडवाच्या पत्र्याखाली थांबली. मार्च संपत आला होता. आमच्याकडं त्या दिवसांत पत्र्याखाली माणूस बसू शकत नाही.

"म्या म्हणलं सरांला, खिचडीसंगंच वाटून टाकू. सर म्हणले, न्हाय, पाव्हणे यायलेत, सोलून ठिवा."

"बाई, विचारलं तेवढंच सांगा," बिराजदार म्हणाले.

"तेच सांगायलेय की सर."

उकडलेलं अंडं कवचात असतं तोवर बऱ्यापैकी सुरक्षित असतं. सोललं की त्याला हात लागतात. कुणाचेही हात असोत, कितीही धुतलेले असोत, थोडे जंतू असतातच. अंडं लगेच खाल्लं तर काही होत नाही. उकाड्यात पाच-सहा तास ठेवलं तर ते जंतू वाढतात, आणि त्यातले काही असं विष सोडतात की परत उकळलं तरी जात नाही. असं विष पोटात गेलं की दोन-तीन तासांत उलट्या सुरू होतात. मी रुग्णालयात फोन लावला. पहिली मुलगी किती वाजता आली, ते विचारलं.

"आठला उलट्या सुरू झाल्या," तिथले डॉक्टर म्हणाले. "मलाही तोच संशय आहे. कच्च्या अंड्यातलं इन्फेक्शन सहसा इतक्या लवकर दिसत नाही."

"तो टब कुठाय?" मी बिराजदारांना विचारलं.

टब घासून उन्हात पालथा घातला होता. अन्न खात्याची माणसं येण्याआधीच. त्यांना नमुना म्हणून कोठीतली अंडी मिळाली होती.

तिसऱ्या दिवसापर्यंत बहुतेक मुली बऱ्या झाल्या. सहावीतली एक मुलगी चार दिवस सलाईनवर होती. तीही वाचली.

मी ऑफिसात बसून अहवाल लिहिला. दोन पानं झाली. पहिल्या पानावर पाहिलेलं क्रमानं लिहिलं. खोक्यावरील मुदत सहा दिवसांपूर्वी संपलेली. तीस अंड्यांपैकी एक खराब. साठवणुकीची जागा अशी, तपासणी अशी. दुसऱ्या पानावर निष्कर्ष. कोठीतली अंडी खाण्यायोग्य आहेत, मुदत आणि त्रास यांचा संबंध दिसत नाही, उकडून सोललेली अंडी कार्यक्रमासाठी सुमारे सहा तास उकाड्यात ठेवल्यानं हा प्रकार घडला असावा, आणि तसं ठेवण्याचा निर्णय स्वयंपाकिणीचा नव्हता. आम्हाला असंच शिकवलेलं. आधी निरीक्षण, मग निष्कर्ष.

तो अहवाल टाईप होत असताना शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांचा फोन आला.

"डॉक्टरसाहेब, अंड्यांपुरतं लिहा. कार्यक्रमाचं त्यात काय काम?"

"काम आहे म्हणूनच लिहितोय."

"तुम्ही जनावरांचे डॉक्टर आहात, एवढं ध्यानात असू द्या."

"म्हणूनच जपून लिहितोय."

"बरं. तुमची मर्जी."

मी एक शब्द बदलला नाही. तहसीलला एक प्रत दिली, संस्थेला एक. घरी जाऊन बायकोला ऐट मारून सांगितलंसुद्धा, की आज एकाला सरळ केलं.

पंधरा-वीस दिवसांनी सुगलाबाई दवाखान्यात आल्या. शेळीचं पोट फुगलं होतं. मी शेळीला औषध पाजलं. ती जरा सावरल्यावर बाईंनी पिशवीतून घडी केलेले दोन कागद काढले.

"साहेब, एवढं वाचून दावा. लेकीनं वाचलं, पर मला खरं वाटंना."

पहिला कागद संस्थेचा. मुदत संपलेली अंडी वापरून विद्यार्थिनींच्या जिवाशी खेळ केल्याबद्दल कामावरून कमी केल्याचा. सोबत पुरावा म्हणून माझ्या अहवालाची झेरॉक्स. फक्त पहिलं पान. वर माझं नाव, माझा हुद्दा.

"याचं दुसरं पान कुठाय?"

"एवढंच दिलं की." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "तुमच्याम्होरंच तर सांगितलं होतं म्या समदं. तरी बी तुमी आसं लिवलं?"

मी माझ्याकडची फाईल काढली आणि त्यांना दुसरं पान मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांचा विश्वास बसला की नाही, मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. भोजनगृहात फोटो लागला होता. पाहुणे हसून एका मुलीच्या ताटात अंडं ठेवतायत.

"आमच्या कमिटीनं तुमचाच रिपोर्ट मान्य केलाय, डॉक्टर," बिराजदार म्हणाले. चहाही मागवला त्यांनी. "मुदत संपली होती हे तुम्हीच लिहिलंय. खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. एकेक अक्षर खरं होतं.

तहसीलमध्ये पूर्ण अहवाल जोडून पत्र दिलं. आवक शिक्का मिळाला. क्लार्क म्हणाला, "साहेब, कारवाई झाली म्हणून फाईल बंद झालीय." नंतर अन्न खात्याचा रिपोर्टही आला. कोठीतली अंडी चांगली होती. तो त्याच बंद फाईलला लावला गेला.

मी सुगलाबाईंच्या गावी गेलो. त्यांना कामावर परत घ्यावं असा अर्ज लिहून नेला होता, फक्त अंगठा हवा होता. त्यांनी कागद हातात घेतला नाही.

"माझी लेक त्याच शाळंत हाय, साहेब. आता नववीला जाईल. आजून दोन वर्सं काढायचीत तिला तिथं. म्या भांडले तर तिला कोण ठिवून घील?"

"पण यात तुमची चूक नाही, बाई."

"व्हय, चूक न्हाय. पर मला माज्या लेकीची दहावी हुयाला पायजे."

 अर्ज खिशात घालून मी परत आलो.

सुगलाबाई पुढं हायवेवरच्या एका ढाब्यावर भाकऱ्या करायला लागल्या. शाळेनं अंडी कायमची बंद केली. मुलींना आठवड्यातून एकदा केळं मिळतं. केळ्यावर तारीख नसते, त्यामुळं सगळ्यांना सोयीचं.

मी निवृत्त होईपर्यंत पुढचा प्रत्येक अहवाल एकाच पानात बसवला. निष्कर्ष पहिल्या ओळीत. सुगलाबाईंना त्याचा काही उपयोग झाला नाही.