चौकातले निंब

वाशिमला आमच्या अंगणात मोठा निंब होता. मी रोज सकाळी त्याचा पाला झाडून दारातच पेटवत असे. स्वच्छतेचा मला भारी अभिमान. शेजारी खोकत, ते मला ऐकू येत नसे.

एकदा रस्ता झाडणाऱ्या बाईंनी माझ्या हातातली काडेपेटीच काढून घेतली. "सर, कायले जाळून राह्यले? मले द्या तो पाला."

शिकवायला निघाल्या मास्तरला! रागारागातच मी पोतं भरून दिलं आणि त्यांच्या मागोमाग गेलो. मजूर सकाळी कामासाठी जिथं ताटकळतात, त्या चौकात त्यांनी निंबाची तीन रोपं लावली होती. आळ्यात पाला अंथरून त्यांनी वरून टपरीवरचं कप विसळलेलं पाणी ओतलं.

"इथंच काहून?" मी विचारलं.

"इथं लोकं उन्हात उभे राह्यतात. तुमच्या अंगनात हाये ना सावली."

त्या रोपांची आता झाडं झाली आहेत. गेल्या मे महिन्यात भर दुपारी मी तिथं ऑटोची वाट पाहत होतो. एका मजुराने सरकून जागा दिली. "या सर, सावलीत या."

मी गेलो. अंगणात फरशी बसवताना, कचरा नको म्हणून, माझा निंब मीच तोडला होता.