पुसलेलं घर

आमचा बुवा म्हनजे माहा नवरा, मारोतराव. मेडशीजवळ जखमी बिबट्यांचं केंद्र हाये, तिथं सहा वर्सं झाले, पिंजरे सांभाळते. मानसाले साफसफाईचा भारी नाद. मी आंगन झाडलं तरी हा पुन्हा झाडनार. डोकं फिरते माहं, पन आयकते कोन?

तिथं बुवाच्या आधीपासून बिबट्याची एक मादी हाये. सारे तिले म्हातारी म्हनतात. सिमेंटच्या पिंजऱ्यात दिवसभर जाळीले घासत चकरा मारे, नाक सोलून निघालं होतं. यंदा नव्या डॉक्टरीनबाईनं तिच्यासाठी मोठी जागा केली. माती टाकली, बांबू लावले, ओंडके ठेवले, उंच मचान बांधलं. तरी चकरा थांबेनात.

बाई म्हनल्या, "पंधरा दिवस पाहू. नाहीच रुळली तं जुन्या पिंजऱ्यात न्या लागन."

बुवा एकेक दिवस मोजू लागला. त्यात पाय मुरगळला, तीन दिवस घरी बसला. चवथ्या दिवशी मी त्याच्यासंगं गेली. पाह्यतो तं म्हातारी मचानावर पाय लोंबकळून झोपलेली. बुवाचे डोये भरून आले.

"रुळली वं," म्हने.

मंग रोजच्यासारखं तिले आतल्या खोलीत बंद केलं, बादली उचलली, अन् ओंडके, मचान, सारं फिनाईलनं घासून धुतलं. म्हातारी बाहेर आली, एकेक ओंडका हुंगला. मचानाकडे पाह्यलंही नाही. जाळीपाशी गेली अन् चकरा सुरू.

मी म्हनलं, "अहो, घरची मांजर नाही का खांबाले आंग घासत? तिथं तिचा वास राह्यते, तवा तिले ते घर वाटते. तीन दिवस कोनी धुतलं नाही, तवा हिनं तेच केलं असन. तुमी पुसून टाकलं."

बुवानं बादली खाली ठेवली. मंग सोता बाईकडे गेला. "चूक माही हाये, तिले नका पाठवू," म्हनला. ओंडके धुवाचे नाहीत, हे सांगाचं त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

तवापासून तो घान तेवढी उचलते, बाकी कशाले हात लावत नाही. तेराव्या दिवशी म्हातारी मचानावर चढली अन् दुपारभर झोपली. बाई म्हनल्या, राहू द्या इथंच.

सांजेले बुवा जेवता जेवता थांबला. "पंचफुले, सहा वर्सं मी तिले रोज घराबाहेर काढलं. अन् पिंजरा चकचकीत ठेवतो म्हनून शाबासकी घेतली."

त्याच्यावर रोज तोंड टाकनारी मी, पन आज त्याच्या ताटात गरम भाकर वाढली.